'ऐतिहासिक' एकच, इंग्रजी शब्द मात्र दोन

पत्र : आम्ही बडोद्यात वाडी भागात राहतो. आमच्या गणेशोत्सव मंडळाचे यंदा 75 वे वर्ष आहे. त्यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत चार पाने इंग्रजीत असावीत असे ठरले आणि माझ्या अकरावीतल्या मुलीने ते काम हौसेने अंगावर घेतले. तिचे दहावीपर्यंतचे शिक्षण गुजराती माध्यमात झाले आहे. पहिल्या दोन पानांत तिने सगळीकडे 'हिस्टॉरिकल' असा शब्द लिहिला होता. लंडनला असलेल्या तिच्या आतेभावाने मजकूर तपासताना प्रत्येक 'हिस्टॉरिकल' खोडून 'हिस्टॉरिक' केले. तिने कारण विचारले, तेव्हा 'तसेच असते' एवढेच उत्तर आले. मुलगी हिरमुसली आहे आणि उरलेली दोन पाने दुसऱ्या कोणाकडून तरी लिहून घ्या म्हणते. मी घरातला शब्दकोश काढून पाहिला, तर दोन्ही शब्दांपुढे 'ऐतिहासिक' असाच अर्थ दिलेला आहे. खरा फरक काय आहे, आणि मी तिला काय सांगू?
— वाडीतील एक आई, बडोदे

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपण पत्रासोबत पाठवलेली दोन्ही पाने, मुलीची मूळ वाक्ये आणि त्यावरच्या लाल अक्षरांतल्या दुरुस्त्या मी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. हा शब्द त्या दोन पानांत सात ठिकाणी आला आहे. त्यांपैकी चार ठिकाणी आतेभावाची दुरुस्ती योग्य आहे, दोन ठिकाणी मुलीने लिहिले होते तेच बरोबर होते आणि दुरुस्तीमुळे वाक्य बिघडले आहे, आणि एका ठिकाणी दोन्ही शब्द चालतात, पण प्रत्येकाने वाक्याचा अर्थ वेगळा होतो. म्हणजे दोघांपैकी कोणीही पूर्ण चुकलेले नाही. हा हिशेब मुलीला आधी सांगावा आणि व्याकरण नंतर सांगावे, असे माझे मत आहे.

घोटाळ्याचे मूळ आपल्या शब्दकोशातच आहे आणि ते आपण स्वतःच शोधून काढले आहे. मराठीत 'ऐतिहासिक' हा एकच शब्द दोन निरनिराळी कामे करतो. शिवकालावरची कादंबरी ऐतिहासिक असते आणि काल सायंकाळी मंत्रिमंडळाने घेतलेला निर्णयही ऐतिहासिक असतो. पहिल्या ठिकाणी आपण विषय सांगतो आणि दुसऱ्या ठिकाणी मोठेपणा सांगतो, पण संदर्भ स्पष्ट असल्यामुळे ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. गुजरातीतही हाच शब्द आहे आणि हिंदीतही हाच आहे. आपली मुलगी घरात मराठी, शाळेत गुजराती आणि दूरदर्शनवर हिंदी ऐकत मोठी झाली, आणि या तिन्ही भाषांनी तिला दोन्ही कामांसाठी एकच शब्द दिला. चौथ्या भाषेत त्या कामांची वाटणी झालेली आहे हे कोणी तिला सांगितले नसेल, तर तिने एकच शब्द सर्वत्र वापरणे अगदी स्वाभाविक होते.

आता ती वाटणी पाहू. 'हिस्टॉरिकल' म्हणजे इतिहासाचा, इतिहासाविषयीचा किंवा गतकाळातला. या शब्दात थोरवीचा निवाडा नसतो. शंभर वर्षांपूर्वी दांडिया बझारातल्या एखाद्या घरात लिहिलेली वाणसामानाची यादी आज कोणाच्या हाती आली, तर ती हिस्टॉरिकल डॉक्युमेंट ठरते, कारण त्या काळी घरात काय शिजत होते आणि तुपाचा भाव काय होता हे तिच्यावरून कळते. त्या यादीने कोणाचे आयुष्य बदललेले नसते. 'हिस्टॉरिक' म्हणजे इतिहासात ज्याची ठळक नोंद झाली आहे किंवा व्हायला हवी असा. हा शब्द उच्चारताना आपण निवाडा देत असतो की ही वस्तू, ही जागा किंवा ही घटना महत्त्वाची आहे आणि तिच्यामुळे पुढचे काही बदलले. म्हणूनच आज सकाळी घडलेली गोष्ट हिस्टॉरिक असू शकते, पण ती अजून हिस्टॉरिकल झालेली नसते.

मुलीला पारख हवी असेल, तर ती मराठीतच करून घ्यावी. इंग्रजी वाक्य लिहिण्यापूर्वी 'ऐतिहासिक' हा शब्द मनात काढून टाकावा आणि त्या जागी 'इतिहास घडवणारा' व 'इतिहासाविषयीचा' असे दोन्ही शब्दप्रयोग बसवून पाहावेत. पहिला बसला तर हिस्टॉरिक, दुसरा बसला तर हिस्टॉरिकल. दोन्ही बसत असतील, तर आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे हे लिहिणाऱ्याने ठरवायचे असते.

या पारखेने स्मरणिकेतली वाक्ये तपासून पाहावीत. लक्ष्मी विलास पॅलेसला मुलीने हिस्टॉरिकल म्हटले होते. 1890 मध्ये पूर्ण झालेला हा राजवाडा बडोद्याच्या इतिहासात ज्या जागी उभा आहे ती पाहता तो हिस्टॉरिक आहे. वास्तू, जुनी शहरे आणि रणभूमी यांना इंग्रजीत सहसा हाच शब्द लावतात. आपल्या शेजारच्या अहमदाबादची 2017 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली, ती 'हिस्टॉरिक सिटी' या नावानेच झाली. त्यामुळे 'अवर हिस्टॉरिकल सिटी' या वाक्यातली आतेभावाची दुरुस्तीही मान्य करावी. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण प्रयोग म्हणून सुरू केले आणि 1906 मध्ये ते संपूर्ण संस्थानात लागू केले. या निर्णयाला हिस्टॉरिक हाच शब्द हवा. येथे मराठीत 'इतिहासाविषयीचा निर्णय' असे म्हणून पाहिले, तर महाराजांनी इतिहासाच्या पाठ्यपुस्तकाबद्दल काही ठरवले होते की काय असे वाटेल. चौथी जागा मुखपृष्ठावरची आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

मुलीची बाजू पूर्ण खरी ठरते ती नाटकाच्या वाक्यात. मंडळाने पूर्वी तानाजी मालुसऱ्यांवरचे नाटक बसवले होते, असा उल्लेख तिने केला आहे आणि त्या नाटकाला हिस्टॉरिकल प्ले म्हटले आहे. ते शंभर टक्के बरोबर आहे. इतिहासातल्या विषयावरचे नाटक, कादंबरी किंवा चित्र हे हिस्टॉरिकल असते. दुरुस्तीनंतर ते हिस्टॉरिक प्ले झाले आहे. याचा अर्थ असा होतो की त्या नाटकाने रंगभूमीचा इतिहास बदलला, आणि असा दावा मंडळातील ज्येष्ठही करणार नाहीत. मंडळाच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या, वर्गणीच्या पावत्या आणि छायाचित्रे यांना तिने हिस्टॉरिकल रेकॉर्ड्स म्हटले होते, तेही तसेच ठेवावे. इतिहासाची साधने, त्यांचा अभ्यास आणि तो करणाऱ्या संस्था यांच्यासाठी हाच शब्द चालतो. दिल्लीत 1972 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेच्या इंग्रजी नावात 'हिस्टॉरिकल रिसर्च' असेच शब्द आहेत, कारण ते संशोधन इतिहासाविषयीचे आहे.

तानाजींचे उदाहरण हाताशी आहे, तर त्यावर थोडे थांबावेसे वाटते, कारण या शब्दांची सगळी खुबी त्यात दिसते. तानाजी मालुसरे ही हिस्टॉरिकल व्यक्ती आहे, म्हणजे ते कल्पनेतले पात्र नसून खरोखर होऊन गेले. 1670 मध्ये सिंहगड घेताना झालेली लढाई हिस्टॉरिक आहे, कारण तिने स्वराज्याच्या वाटचालीत मोठा फरक पडला. आणि घोरपडीला दोर बांधून कडा चढण्याची जी कथा आपण लहानपणापासून ऐकतो, ती पोवाड्यातून आलेली आहे. तिला समकालीन कागदपत्रांचा आधार नसल्यामुळे अभ्यासक तिला हिस्टॉरिकल मानत नाहीत. येथे 'हिस्टॉरिकल'ला आणखी एक धार येते, ती म्हणजे दंतकथेच्या विरुद्ध बाजूला उभे असलेले आणि पुराव्याने सिद्ध होणारे. मराठीत आपण 'याला ऐतिहासिक आधार नाही' असे म्हणतो, तेव्हा हाच अर्थ मनात असतो. मुलीला ही तीन वाक्ये एकाखाली एक लिहायला सांगावीत. मी कितीही पाने खर्ची घातली, तरी त्या तीन वाक्यांइतके स्पष्ट होणार नाही.

राहिले सातवे वाक्य, ज्यात दोन्ही शब्द चालतात. सयाजीराव महाराजांना मुलीने हिस्टॉरिकल फिगर म्हटले आणि आतेभावाने ते हिस्टॉरिक फिगर केले. पहिल्याचा अर्थ 'इतिहासात होऊन गेलेली व्यक्ती' असा होतो आणि दुसऱ्याचा अर्थ 'इतिहासावर ठसा उमटवणारी व्यक्ती' असा होतो. कोणते ठेवायचे हे पुढच्या वाक्यावर अवलंबून आहे. पुढे त्यांचा जन्म नाशिककडच्या कवळाण्याचा आणि 1875 मध्ये ते दत्तक होऊन गादीवर आले एवढीच माहिती येणार असेल, तर पहिला शब्द पुरेसा आहे. त्यांनी केलेल्या कामाविषयी लिहायचे असेल, तर दुसरा शब्द घ्यावा आणि ते काम नावानिशी सांगावे. महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. 1917 मध्ये ते संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यात परतले, तेव्हा याच शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि कमाटीबागेत बसून त्यांना परतीच्या गाडीची वेळ काढावी लागली. ही घटना हिस्टॉरिकल आहे, कारण ती त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे, आणि हिस्टॉरिकही आहे. आपल्या गावाच्या या दोन्ही गोष्टी एकाच स्मरणिकेत याव्यात असे मला मनापासून वाटते, आणि मुलीच्या उरलेल्या दोन पानांत त्यांना जागा आहे.

आतेभावाविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत. ग्रीकमधून लॅटिनमध्ये आणि तेथून इंग्रजीत आल्यावर ते बराच काळ एकमेकांच्या जागी वापरले जात होते, आणि अर्थाची वाटणी पुढे हळूहळू पक्की झाली. ती आजही सगळीकडे काटेकोर नाही. ब्रिटनमधल्या वर्तमानपत्रांत फार वर्षांपूर्वी घडलेल्या आणि आता उघडकीस आलेल्या गुन्ह्यांना सर्रास हिस्टॉरिक म्हणतात, आणि तेथे त्याचा अर्थ केवळ 'जुने' असा असतो. घडून गेलेली गोष्ट वर्तमानकाळात सांगण्याच्या पद्धतीला व्याकरणाच्या पुस्तकांतून हिस्टॉरिक प्रेझेंट आणि हिस्टॉरिकल प्रेझेंट अशी दोन्ही नावे सापडतात. शिवाय क्रियाविशेषण करायचे झाले, तर दोन्ही शब्दांना मिळून 'हिस्टॉरिकली' हे एकच रूप आहे, म्हणजे तेथे वाटणी पुसलीच जाते. लंडनमध्ये राहणाऱ्या माणसाच्या कानावर हिस्टॉरिक हा शब्द अधिक पडत असेल आणि कानाला जे सवयीचे तेच त्याला बरोबर वाटत असेल, तर त्यात त्याचा दोष थोडा आहे. कारण न सांगता सात ठिकाणी लाल रेघ मारली, एवढा दोष मात्र आहे.

त्या लाल रेघेबद्दल मी जरा तीव्रतेने लिहीत आहे, कारण ती माझ्याही वाट्याला आली होती. महाविद्यालयात असताना मी एका शिष्यवृत्तीच्या अर्जात घरच्या आर्थिक स्थितीसाठी 'इकॉनॉमिकल कंडिशन' असे शब्द लिहिले होते. मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांनी ते वाक्य मोठ्याने वाचले, तेवढ्या शब्दाखाली रेघ ओढली आणि पुढचा प्रश्न विचारला. चूक काय झाली हे त्या दिवशी मला कळले नाही आणि विचारायचे धैर्यही झाले नाही. बऱ्याच वर्षांनंतर समजले की अर्थव्यवहाराशी किंवा पैशाशी संबंधित ते 'इकॉनॉमिक' आणि काटकसरीचे, कमी खर्चात भागणारे ते 'इकॉनॉमिकल'. कमी इंधन पिणारी मोटार इकॉनॉमिकल असते आणि घराची स्थिती इकॉनॉमिक असते. एक वाक्य सांगायला त्या गृहस्थांना अर्धे मिनिट लागले असते. आपल्याकडच्या अर्जांत हा शब्द आजही असाच लिहिलेला दिसतो, तेव्हा मी थांबून ते अर्धे मिनिट देतो.

अशा जोड्या इंग्रजीत आणखी आहेत आणि प्रत्येक जोडीची वाटणी निराळी आहे. त्यामुळे 'शेवटी अल लागला की अमुक अर्थ' असा एकच नियम मुलीने पाठ करू नये. 'क्लासिक' आणि 'क्लासिकल' ही जोडी तिला लगेच उमजेल. शास्त्रीय संगीत ते क्लासिकल आणि वर्षानुवर्षे टिकलेले, नमुना म्हणून दाखवावे असे पुस्तक ते क्लासिक. येथेही मराठीचा 'अभिजात' हा शब्द दोन्हीकडे चालतो. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्या दर्जाचे इंग्रजी नाव 'क्लासिकल लँग्वेज' असे आहे. त्या जागी क्लासिक लिहिले, तर अर्थ बदलतो. 'इलेक्ट्रिक' आणि 'इलेक्ट्रिकल' यांतला फरक तिने शेगडी आणि अभियंता यांच्यावरून लक्षात ठेवावा. विजेवर चालणारी शेगडी इलेक्ट्रिक असते आणि विजेच्या शास्त्राशी संबंध असलेला अभियंता इलेक्ट्रिकल असतो. एवढ्या तीन जोड्या सध्या पुरेत.

सरावासाठी मात्र तिला पुस्तकाकडे पाठवण्यापेक्षा विश्वामित्री नदीकडे पाठवावे, असे मी सुचवीन. ऑगस्ट 2024 मधला पूर आपण सर्वांनी पाहिला आहे. पाणी ओसरल्यावर घराच्या भिंतींवर जी रेषा राहिली होती, ती तिलाही आठवत असेल. त्या पुराविषयी तिने दोन इंग्रजी वाक्ये लिहावीत. शहराच्या आठवणीत राहील असा पूर म्हणून लिहिताना हिस्टॉरिक फ्लड येईल, आणि नदीची पातळी मागच्या प्रत्येक वर्षी किती होती याच्या नोंदींविषयी लिहिताना हिस्टॉरिकल डेटा येईल. दोन्ही वाक्ये एकाच नदीची आहेत, म्हणून फरक डोळ्यांसमोर उभा राहतो.

आता आपण तिला काय सांगावे. 'दादा इतका शिकलेला आहे, त्याचे ऐक' असे कृपया म्हणू नये, आणि 'त्याला काय कळते' असेही म्हणू नये. दोन्ही प्रकारच्या वाक्यांनी विषय शब्दांवरून माणसांवर जातो. तिच्यापुढे ती दोन पाने ठेवावीत आणि सातही जागा तिनेच पुन्हा तपासाव्यात, प्रत्येक जागेच्या कडेला कारण मराठीत एका ओळीत लिहावे, आणि तो कागद तिनेच आतेभावाला पाठवावा. नाटकाच्या जागी आपली दुरुस्ती चुकली हे त्याला कारणासहित कळेल आणि राजवाड्याच्या जागी आपण चुकलो हे तिने स्वतःच्या हाताने लिहिलेले असेल. पुढच्या दोन पानांची तपासणीही त्याच्याकडेच द्यावी, मात्र प्रत्येक दुरुस्तीपुढे कारण लिहायचे अशी अट घालावी. भावाबहिणींत ही अट घालायला कोणाचा मान आड येत नाही.

मुखपृष्ठाचे तेवढे राहिले. मुलीने तेथे 'अ हिस्टॉरिकल इयर' असे लिहिले होते आणि आतेभावाने 'ॲन हिस्टॉरिक इयर' केले आहे. 75 वे वर्ष मंडळाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, म्हणून हिस्टॉरिक हा शब्द घ्यावा. त्याआधीचे 'ॲन' मात्र जुन्या वळणाचे आहे. शब्दाच्या आरंभीचा ह पुसट उच्चारला जाई त्या काळची ती रीत काही ब्रिटिश लेखकांनी अजून टिकवून ठेवली आहे. आपण ह स्पष्ट उच्चारतो आणि स्पष्ट ह असलेल्या शब्दाआधी इंग्रजीत 'अ' येतो, जसा हाऊस किंवा हिल या शब्दांआधी येतो. तेव्हा छापखान्यात मजकूर जाण्यापूर्वी मुखपृष्ठावर शब्द आतेभावाचा ठेवावा आणि 'अ' मुलीचा ठेवावा.